नव्या गाडीतल्या बटणांशी ओळख: ठाणे-नवी मुंबईत गाडी चालवणाऱ्यांसाठी पहिल्या महिन्याचा क्रम

चौदा वर्षे एकच गाडी चालवलेल्या माणसाला त्या गाडीत काहीही शोधावे लागत नाही. हात आपोआप वायपरच्या दांडीवर जातो आणि डावा पाय क्लचवर. ती गाडी देऊन टाकून मी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत नवी ऑटोमॅटिक गाडी आणली आणि त्याच संध्याकाळी माजिवड्याच्या सिग्नलला तिचे इंजिन बंद पडले. मागून हॉर्न सुरू झाले, मी घाईघाईने धोक्याचे दिवे लावले, स्टार्टचे बटण दाबले आणि जे चालू होते तेही बंद करून बसलो. गाडी बिघडलेली नव्हती. सिग्नलला इंधन वाचावे म्हणून इंजिन आपोआप बंद होणे आणि ब्रेकवरचा पाय उचलताच पुन्हा सुरू होणे ही तिची सोय होती. शोरूममध्ये कोणी ती सांगितलीही असेल, पण त्या वेळी मी बहुधा सनरूफकडे पाहत होतो.

जुनी गाडी सोडून प्रथमच अशा गाडीकडे वळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. नव्या गाडीतल्या सोयींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काही सोयी फक्त सांगतात, म्हणजे आवाज करतात किंवा दिवा लावतात. काही स्वतः करतात, म्हणजे तुमच्या पायाची वाट न पाहता ब्रेक लावतात किंवा तुमच्या हातातले स्टेअरिंग हलवतात. उरलेल्या सगळ्या गाणी, फोन, थंडावा आणि रंगीत दिवे यांच्या. शोरूममध्ये सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या प्रकारावर जातो, कारण तो दाखवायला सोपा असतो. शिकताना मात्र दुसऱ्या प्रकारापासून सुरुवात करायला हवी. शिवाय कोणतीही सोय चालू कशी करायची हे विचारण्याआधी ती थांबवायची कशी हे शिकून घ्यावे. एवढा एक नियम पाळला, तर बाकीचा क्रम आपल्या सवडीने पुढे-मागे केला तरी चालतो.

गाडी ताब्यात घेताना

गुढीपाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घ्यायची असेल, तर त्या दिवशी शोरूममध्ये काही शिकता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. ओळीने गाड्या उभ्या असतात, नारळ फुटत असतात, घरातल्या सगळ्यांचे फोटो काढायचे असतात आणि समजावून सांगणाऱ्या माणसाचे लक्ष पुढच्या गाडीकडे असते. मुहूर्त साधून गाडी घरी आणावी, पण तीन-चार दिवसांनंतरची एक वेगळी वेळ तिथेच मागून घ्यावी. तोपर्यंत तुमच्याकडे खरे प्रश्न जमलेले असतात. ते कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे मिळत असताना मोबाइलवर चित्रित करून ठेवावीत, कारण एका बैठकीत ऐकलेले चाळीस तपशील कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

ताबा घेण्याच्या दिवशी मोजक्या वस्तू हाताने चाचपून पाहाव्यात: दुसरी चावी, चावीच्या पोटात लपलेली धातूची चावी, बोनेट उघडण्याचा खटका, इंधनाचे झाकण, जॅक, पाना आणि गाडी ओढून नेण्यासाठी लागणारा हूक. स्टेपनी आहे की नाही हेही डिकीतला गालिचा उचलून पाहावे, कारण काही गाड्यांत आता स्टेपनीऐवजी पंक्चर काढण्याचे फक्त साहित्य मिळते, आणि ते तिथे आहे हे रात्री अकरा वाजता रस्त्यात कळू नये. त्यानंतर एकच प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा: "ही गाडी आपोआप ब्रेक कधी लावते, स्टेअरिंग कधी वळवते, आणि ते बंद कुठून होते?" उत्तर देणारा अडखळला, तर माहितीपुस्तिका हाच आधार. मात्र पुस्तिका बहुधा त्या गाडीच्या सगळ्या श्रेणींसाठी एकच छापलेली असते. तिच्यात वर्णन केलेली सोय तुमच्या गाडीत असेलच असे नाही. माझ्या एका शेजाऱ्यांनी अख्खा रविवार, त्यांच्या गाडीत नसलेले एक बटण शोधण्यात घालवला.

काही गोष्टी मात्र कोणत्याही श्रेणीत असतातच. 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज आणि वेगाचा इशारा सक्तीचे आहेत. ताशी 80 किलोमीटरच्या वर गेल्यावर ठरावीक अंतराने एक टिक ऐकू येते आणि 120 च्या वर ती सलग वाजत राहते. पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर हा आवाज आला की गाडीत काहीतरी बिघडले असे वाटून लोक कडेला थांबतात. बिघडलेले काही नसते, काट्याकडे पाहावे.

पहिल्या दोन संध्याकाळी, उभ्या गाडीत

गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाच शिकण्यासारखे इतके असते की दोन संध्याकाळी सहज जातात. आधी सीट, मग स्टेअरिंग, मग आरसे, या क्रमाने बसण्याची जागा नक्की करावी. आरसे आधी लावले आणि नंतर सीट हलवली, तर सगळे पुन्हा करावे लागते. त्यानंतर डोळे मिटून पाच गोष्टी हाताला सापडतात का ते पाहावे: धोक्याचे दिवे, वायपर, समोरच्या काचेवरचे धुके घालवण्याचे बटण, हेडलाइट आणि हँडब्रेकची जागा घेतलेली ती छोटी कळ. हा खेळ पोरकट वाटेल, पण चालत्या गाडीत नजर रस्त्यावरून काढून स्क्रीनवर शोधाशोध करणे हाच नव्या गाडीतला सर्वांत मोठा धोका आहे, आणि काही गाड्यांत एसीचे नियंत्रणसुद्धा आता स्क्रीनच्या आत गेले आहे. अशा गाडीत तापमान 24 अंशांवर ठेवून 'ऑटो' दाबावे आणि पुढे त्याला हात लावू नये. पंख्याचा वेग कमी-जास्त करत बसण्याची जुनी सवय इथे उपयोगाची नाही.

फोन जोडण्याचे कामही उभ्या गाडीतच उरकावे. फोनमधली अ‍ॅप गाडीच्या स्क्रीनवर आणणारे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले प्रथम जोडताना फोन अनेक परवानग्या मागतो. संपर्क आणि कॉल यांची परवानगी दिल्याशिवाय स्टेअरिंगवरच्या बटणाने फोन घेता येत नाही, मेसेज मोठ्याने वाचून दाखवण्याची परवानगी मात्र विचार करून द्यावी, कारण ते गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जातात. तारेने जोडलेला फोन वारंवार सुटत असेल, तर स्क्रीनला दोष देण्याआधी तार बदलून पाहावी. आवाजी आज्ञांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. "घोडबंदर" म्हटल्यावर माझ्या गाडीने आजवर तीन वेगवेगळी गावे दाखवली आहेत. घर, ऑफिस आणि नेहमीची पाच-सहा ठिकाणे आधीच जतन करून ठेवली की तिच्याशी वाद घालावा लागत नाही.

चावीबद्दल दोन गोष्टी. खिशात ठेवूनच दार उघडणाऱ्या चावीत बटणाच्या आकाराची चपटी बॅटरी असते, आणि ती संपली की दार उघडत नाही व स्टार्टचे बटणही दाद देत नाही. अशा वेळी पोटातली धातूची चावी काढून दार उघडावे आणि रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत ठेवून गाडी सुरू करावी. हे एकदा मुद्दाम करून पाहावे. धातूची चावी घालण्याचे छिद्र काही गाड्यांत हँडलच्या टोपणाखाली लपलेले असते, आणि ते टोपण पावसात, अंधारात, छत्री सांभाळत काढणे जमत नाही. दुसरी गोष्ट तळमजल्यावर किंवा पोडियमला लागून राहणाऱ्यांसाठी: गाडीपासून भिंतीपलीकडे दोन-तीन मीटरवर चावी टांगलेली असेल, तर गाडी तिला ओळखत राहते. चावी घरात आतल्या बाजूला ठेवावी.

पार्किंगमधला सराव

मागच्या कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल रेषांचा अर्थ पुस्तिकेत असतो, पण त्यांचे खरे अंतर प्रत्येकाने स्वतः मोजावे. मी रविवारी सकाळी सोसायटीच्या मोकळ्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा रिकामा जार मागे ठेवला, पत्नीला बाजूला उभे केले आणि लाल रेषा जारच्या बुडाला टेकेपर्यंत गाडी हळूहळू मागे घेतली. उतरून पाहिले, तर बंपर आणि जार यांच्यात दीड वीत जागा उरली होती. मग सेन्सरचा आवाज तुटक असताना, वेगवान झाल्यावर आणि सलग वाजू लागल्यावर अशी तीन वेळा थांबून अंतरे मोजली. अर्ध्या तासाच्या या उद्योगानंतर खांबांमध्ये गाडी लावताना माझी मान मागे वळणे थांबले नाही, आणि ती थांबूही नये, पण छातीतली धडधड मात्र थांबली.

या रेषांची एक मर्यादा लक्षात ठेवावी. त्या जमिनीवर आखल्यासारख्या असतात. म्हणून जमिनीवर उभी असलेली वस्तू त्यांच्या मापात बसते, पण वर लोंबणारी किंवा बाहेर आलेली वस्तू, म्हणजे टेम्पोचा मागचा फळा, त्यातून बाहेर डोकावणारी सळई किंवा एसीचा बाहेर काढलेला भाग, स्क्रीनवर आहे त्यापेक्षा लांब दिसते. सेन्सरचेही तसेच आहे. ते आवाजाच्या लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यामुळे रुंद भिंत त्यांना चटकन कळते, तर पार्किंगची जागा अडवणारी बारीक साखळी किंवा बंपरच्या खाली राहणारा ठोकळा कळेलच याचा भरवसा नाही.

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या नव्या इमारतींत एकावर एक गाड्या ठेवणारी यांत्रिक पार्किंग असते, आणि तिथे नव्या गाडीच्या हुशारीचा त्रासच जास्त होतो. लोखंडी चौकटीत शिरताना चारही बाजूंचे सेन्सर एकदम ओरडू लागतात, आणि मागे घेताना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल तर गाडी मध्येच गचकन थांबते. अशा वेळी ती यंत्रणा तेवढ्यापुरती बंद करण्याचे बटण माहीत हवे. बऱ्याच गाड्यांत पुढच्या वेळी इंजिन सुरू केल्यावर ती पुन्हा आपोआप चालू होते, तरीही दिवा पाहून खात्री करावी. बटण दाबून वर उठणारी डिकी असेल, तर तिची उंची आधी ठरवून ठेवावी. डिकी हव्या त्या उंचीला हाताने थांबवायची आणि बटण काही सेकंद दाबून धरायचे, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी असते. आमच्या शेजारच्या खणातल्या गाडीच्या डिकीवर वरच्या मजल्याच्या चौकटीचा ओरखडा ज्या दिवशी आला, त्या दिवशी गाडीचे वय अकरा दिवसांचे होते.

गाडी लावून झाल्यावर क्रम असा ठेवावा: पूर्ण थांबणे, हँडब्रेकची कळ ओढणे, मग गिअर पी (पार्क) वर, मग इंजिन बंद. कळ ओढल्याचा लाल दिवा पाहिल्याशिवाय ब्रेकवरून पाय काढू नये.

पहिला आठवडा: शहरातले रस्ते

क्लचच्या गाडीवरून येणाऱ्याने पहिले काही दिवस डावा पाय मुद्दाम मागे ओढून ठेवावा. सवयीने तो क्लच दाबायला जातो आणि ब्रेकच्या रुंद पट्टीवर आदळतो. मागच्या रिक्षावाल्याला याची काहीच पूर्वसूचना नसते. ब्रेक सोडला की ऑटोमॅटिक गाडी एक्सलरेटर न दाबताही पुढे सरकते, आणि तीन हात नाक्याच्या रांगेत या सरकण्यावरच बहुतेक काम भागते.

ऑटो होल्ड ही सोय अशा रांगांसाठीच आहे. गाडी पूर्ण थांबली की ती ब्रेक धरून ठेवते, पाय उचलता येतो, आणि एक्सलरेटरला स्पर्श करताच सोडते. सिग्नलला ती जरूर वापरावी, पार्किंगमध्ये मात्र बंद ठेवावी, कारण इंच-इंच सरकताना ती प्रत्येक वेळी गाडी धरते आणि सोडताना हिसका देते. चढावर गाडी मागे न जाऊ देणारी हिल होल्ड ही वेगळी सोय आहे. ती फक्त दोन-तीन सेकंदांपुरती असते. येऊरच्या किंवा पारसिक हिलच्या चढावर तिच्या भरवशावर पाय काढून मोबाइलकडे पाहणाऱ्याला त्या तीन सेकंदांचे मोल लगेच कळते.

ज्या सोयीने माझी फजिती केली, ती सिग्नलला इंजिन बंद करणारी यंत्रणा चांगली की वाईट, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. लांब सिग्नलला इंधन वाचते हे खरे. पण इंजिन थांबले की बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो आणि मे महिन्याच्या दुपारी मिनिटभरात काचेतून ऊन जाणवू लागते. मी ती उन्हाळ्यात बंद ठेवतो आणि इतर वेळी चालू. रस्त्यावर पाणी साचलेले असताना मात्र ती बंदच असली पाहिजे, कारण पाण्यात इंजिन थांबणे आणि पुन्हा सुरू होणे यात मोठ्या खर्चाचा धोका आहे. अशा गाडीची बॅटरीही साधी नसते. ती बदलताना त्याच प्रकारची घ्यावी लागते, स्वस्तातली साधी बसवून चालत नाही.

नकाशा पाहून गाडी चालवणाऱ्यांना घोडबंदर रोडवर एक खास अडचण येते. मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळ इथे उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता एकमेकांच्या डोक्यावर आहेत, आणि उपग्रहावरून जागा ओळखणाऱ्या यंत्रणेला तुम्ही वर आहात की खाली हे नेमके कळत नाही. पुलाच्या पायथ्याशी निर्णय आपणच घ्यायचा असतो. म्हणून अनोळखी पत्ता असेल, तर निघण्यापूर्वीच पुलाखालून जायचे की वरून हे नकाशा मोठा करून पाहून घ्यावे.

दुसऱ्या आठवड्यापासून: स्वतः ब्रेक लावणारी गाडी

हल्ली ज्याला सगळे अ‍ॅडास म्हणतात, तो एक नव्हे तर चालकाला मदत करणाऱ्या अनेक सोयींचा गठ्ठा आहे, आणि तो एकदम चालू किंवा एकदम बंद करणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. समोरच्या काचेमागे आरशाजवळ बसवलेला कॅमेरा आणि बऱ्याच गाड्यांत समोरच्या जाळीत किंवा कंपनीच्या चिन्हामागे बसवलेला रडार यांच्यावर तो चालतो. वाहनांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानल्या जातात. आपल्याकडच्या गाड्यांवर मिरवली जाणारी लेव्हल 2 ही, शून्यापासून मोजल्यास, त्यातली तिसरी. तिचा अर्थ एवढाच की गाडी एकाच वेळी वेग आणि दिशा या दोन्हींत मदत करू शकते. लक्ष आणि जबाबदारी शंभर टक्के चालकाचीच राहते. स्टेअरिंगवरचे हात काढले की गाडी काही सेकंदांत तक्रार करते, ती याचमुळे.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा. पहिले काही दिवस फक्त इशारे देणाऱ्या सोयी चालू ठेवाव्यात: आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात वाहन असल्याचा दिवा, समोर फार जवळ गेल्याचा आवाज, लेन सुटल्याची सूचना. कोणता आवाज कशाचा आहे हे कान शिकले की पुढे जावे. पुढे जाताना टक्कर टाळण्यासाठी आपोआप लागणारा ब्रेक मात्र पहिल्या दिवसापासून चालूच असावा आणि तो कधी बंद करू नये. तो क्वचितच लागतो, आणि जेव्हा लागतो तेव्हा तुमचा पाय उशिरा पोहोचलेला असतो. त्याची संवेदनशीलता कमी-जास्त करता येत असेल, तर आपल्या गर्दीसाठी ती सर्वांत उशिरा इशारा देणाऱ्या पातळीवर ठेवणे सोयीचे पडते. खोकी रचून किंवा मित्राला समोर उभे करून हा ब्रेक लागतो का हे पाहण्याचे प्रयोग काही उत्साही मंडळी करतात. ते कोणीही करू नयेत. कोणत्या वेगाला, कोणत्या आकाराच्या वस्तूपुढे तो लागेल याची हमी कंपनी देत नाही, आणि आडवी येणारी दुचाकी किंवा रस्त्यात बसलेली गाय ओळखण्यात तो चुकू शकतो.

लेनमध्ये ठेवणारी मदत घोडबंदर रोडवर मी बंद ठेवतो. मेट्रोच्या कामामुळे रस्ता कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकला, जुने पट्टे पूर्ण पुसले गेले नाहीत आणि नवे वेगळ्या जागी आखले गेले. काही ठिकाणी कॅमेऱ्याला दोन्ही दिसतात आणि गाडी जुन्या पट्ट्याच्या प्रेमात पडते. स्टेअरिंगला आलेला तो हलका ओढा प्रथम जाणवतो, तेव्हा टायर पंक्चर झाल्यासारखे वाटते. हात घट्ट धरून आपल्याला हवे तिकडे वळवले की ती मदत माघार घेते. तिच्यात तुमच्यापेक्षा जास्त जोर नसतो, हे एकदा अनुभवून घ्यावे. इंडिकेटर न देता लेन बदलली, तर ती नेहमीच विरोध करते. इंडिकेटर देण्याची सवय माझ्या शिक्षकांना लावता आली नव्हती, ती या गाडीने महिन्याभरात लावली.

पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारा क्रूझ कंट्रोल शहरात वापरू नये. तो पुढे सुरक्षित अंतर सोडतो, त्या अंतरात रिक्षा शिरते, गाडी पुन्हा ब्रेक लावते, मग दुसरी रिक्षा शिरते; मागून येणाऱ्याला या वारंवार लागणाऱ्या ब्रेकचे कारण कळत नाही. हे शिकायला अटल सेतूइतकी चांगली जागा आपल्या भागात नाही. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला हा सुमारे 21.8 किलोमीटरचा सेतू उलव्याकडून किंवा चिर्ल्याकडून गाठता येतो, तिथे दुचाकी आणि रिक्षा यांना मनाई आहे, पट्टे स्पष्ट आहेत आणि मध्ये सिग्नल नाही. कारसाठी वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर, तर चढण्या-उतरण्याच्या भागात 40 आहे.

तिथे जाताना कोरडा दिवस आणि गर्दी नसलेली वेळ निवडावी. सेतूवर पूर्ण चढून गेल्यावर ताशी 70 चा वेग लावावा, अंतर सर्वांत जास्त ठेवावे आणि डाव्या लेनमधून चालत राहावे. पहिल्यांदा समोरची गाडी हळू झाली की तुमची गाडी आपोआप हळू होते. त्या क्षणी उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवून फक्त पाहावे. मग ब्रेकला हलका स्पर्श करून क्रूझ सुटतो का आणि बटण दाबून पुन्हा लागतो का, हे तीन-चार वेळा करावे. उतार येण्याआधी तो आठवणीने सोडावा, कारण 40 ची मर्यादा गाडीला कळलेलीच असेल असे नाही. पाऊस असेल तर हा सराव पुढे ढकलावा. पाण्याच्या थरावर टायर घसरू लागले की वेग कायम राखणारी यंत्रणा उपयोगाची नसते.

क्रूझच्या एका उणिवेचा उल्लेख शोरूममध्ये क्वचितच होतो. रडारवर चालणाऱ्या अनेक यंत्रणा आपल्यापुढे चालणारी गाडी उत्तम ओळखतात, पण वेगात असताना रस्त्यात पूर्ण थांबलेल्या वाहनाकडे दुर्लक्ष करू शकतात, कारण कमानी, फलक आणि कठडे अशा स्थिर गोष्टींवरून येणारे संकेत त्यांना मुद्दाम गाळावे लागतात. उरण आणि न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री कडेला, कधी कधी अर्ध्या लेनमध्ये, दिवे न लावता कंटेनर उभे असतात. त्या रस्त्यांवर क्रूझ लावून निवांत बसू नये.

पाऊस, हार आणि गणपती

पावसाळ्यात पडद्यावर "सेन्सर झाकला गेला आहे" अशा अर्थाचा संदेश आला, की बहुतेक वेळा मागच्या कॅमेऱ्यावर चिखल आणि पुढच्या जाळीवर रस्त्याचा राप बसलेला असतो. मऊ ओले फडके गाडीत ठेवावे आणि आठवड्यातून दोनदा पुसावे. शर्टाच्या बाहीने पुसल्यास कॅमेऱ्याच्या काचेवर बारीक चरे पडतात. पावसाच्या थेंबांवर आपोआप चालणारे वायपर गाडी धुण्याच्या केंद्रात शिरण्यापूर्वी बंद करावेत, नाहीतर साबण लावणाऱ्याच्या हातावर ते फिरतात. समोरच्या काचेवर आतून धुके धरले, तर बाहेरची हवा घेऊन एसी चालू ठेवावा. धुके बाहेरून धरले असेल, तर उलट काच फार गार झालेली असते, तेव्हा तापमान दोन-तीन अंश वाढवून वायपर फिरवावा. हा फरक बोटाने काच पुसून पाहिल्यावर लगेच कळतो.

दसऱ्याला गाडीची पूजा होते, झेंडूचा भरगच्च हार समोर बांधला जातो आणि चिन्हावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. रडार नेमका त्या चिन्हामागे किंवा जाळीत असेल, तर हार बांधून निघालेली गाडी अ‍ॅडास बंद झाल्याचे सांगते. हार बोनेटच्या वरच्या कडेला आखूड बांधावा, किंवा पूजा झाल्यावर काढून ठेवावा. डॅशबोर्डवरच्या गणपतीची जागाही विचार करून ठरवावी. काचेखाली मध्यावर जो छोटा काळा घुमट दिसतो, तो उजेड मोजणारा सेन्सर असतो. त्यावर मूर्तीची सावली पडली की भर दुपारी हेडलाइट लागतात. शेजारच्या सीटसमोरच्या भागावर एअरबॅगची खूण असते, तिथे मूर्ती, अत्तराची बाटली किंवा फोनचा स्टँड यांपैकी काहीही चिकटवू नये. बाजूच्या एअरबॅग सीटमध्ये असतील, तर त्यांच्या शिवणीवर जाड कव्हर चढवणेही टाळावे. फास्टॅगची पट्टी आरशामागच्या कॅमेऱ्याच्या दृष्टीत येत नाही ना, हे ती चिकटवण्याआधी पाहावे. पुढे कधी समोरची काच बदलावी लागली, तर कॅमेऱ्याची नव्याने जुळणी करून दिली का, हे बिलावर लिहून घ्यावे.

हवेचा दिवा, अ‍ॅप आणि घरातले इतर चालक

टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा दोन प्रकारे काम करतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकात हवा मोजणारा सेन्सर असतो, तर काहींत चाके किती फेऱ्या घेतात यावरून अंदाज बांधला जातो. दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यानंतर मेन्यूतून ती नोंद नव्याने करावी लागते. ती केली नाही, तर दिवा जात नाही आणि माणूस पंपावर हवा भरणाऱ्याशी भांडतो. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर असतो, आणि हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघाल्या-निघाल्या, तपासावी.

मोबाइलवरून गाडी सुरू करून एसी लावण्याची सोय पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीत बंद बेसमेंटमध्ये कधीही वापरू नये; धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथे साचतो आणि त्याला वास नसतो. तसेही तळघरात नेटवर्क नसल्याने अ‍ॅप बहुधा हात टेकते. या जोडणीची मोफत मुदत संपल्यावर वर्गणी भरावी लागते, तेव्हा मुदत कधी संपते ते लिहून ठेवावे. छतावरचे तातडीच्या मदतीचे लाल एसओएस बटण दिवा समजून दाबले जाणार नाही अशी ताकीद घरात सगळ्यांना द्यावी. माझ्या वडिलांनी वाचायला उजेड हवा म्हणून ते दाबले, आणि पलीकडून एका बाईंनी अत्यंत काळजीने त्यांची प्रकृती विचारली. "मी बरा आहे, तुम्ही कशा आहात?" एवढेच ते म्हणाले.

घरात दोघे-तिघे गाडी चालवत असतील, तर प्रत्येकाने पार्किंगमधला सराव स्वतः करावा. दुसऱ्याने सांगून तो पोहोचत नाही. तुम्ही बंद केलेली सोय दुसऱ्याला चालू हवी असते, म्हणून गाडीत वेगवेगळे प्रोफाइल ठेवता येत असतील तर ठेवावेत, नाहीतर निघताना कोणते दिवे लागलेले असायला हवेत याची चिठ्ठी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी. पगारी चालकाला गाडी देताना आपोआप ब्रेक आणि लेनची मदत यांबद्दल आधी सांगावे. सर्व्हिसिंगला देताना फोनची जोडणी काढून टाकावी, म्हणजे तुमचे संपर्क पडद्यावर राहत नाहीत. गाडी परत घेताना, विशेषतः बॅटरी काढली गेली असेल तर, घड्याळ, एका झटक्यात वर जाणाऱ्या काचा, हवेच्या दिव्याची नोंद आणि अ‍ॅडासच्या सगळ्या सोयी पूर्वीसारख्या आहेत का, हे सर्व्हिस सेंटरच्या गेटच्या आतच उभे राहून पाहून घ्यावे.